वेगवान् मोटारीच्या पोटांतला अग्नि

सोनें म्हटलें म्हणजे आमच्या वाचक-भगिनींच्या डोळ्यांपुढें पाटल्या, गोठ, मोहनमाळ असे दागिने उभे राहतील. मोटारीच्या यंत्राभोंवतीं सोनें लावतात असें कोणीं सांगितलें, तर ऐकणारास तो प्रथम श्रीमंतीचा माजच वाटेल. परंतु इंग्लंडांतील मॅक्लारेन कंपनीची एफ-१ ही मोटार १९९२ सालीं जगापुढें आली, तेव्हां तिच्या यंत्राच्या कोठडीस आंतून सोन्याचा पातळ वर्ख लाविलेला होता. एका गाडीस सुमारें १६ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या मापानें सव्वा तोळ्याहून थोडें अधिक, सोनें लागे. हें सोनें कोणास दाखविण्यासाठीं नव्हतें. कोठडीचें झांकण मिटलें म्हणजे तें दिसतही नसे. यंत्राची धग परत फिरविण्यासाठीं तें तेथें बसविलेलें होतें.

कोणी वाचक म्हणतील कीं, असली मोटार आमच्या दारीं येण्याचा संभव नाहीं. मग तिच्या पोटांतील उष्णतेशीं आम्हांस काय करावयाचें आहे? शंका योग्य आहे. तथापि आजकाल बहुतेक मोठ्या कुटुंबांत मोटारीच्या यंत्राचें वेड असलेला एखादा तरुण असतोच. यंत्राची शक्ति वाढविणें आणि मग वाढलेली उष्णता कमी करण्यासाठीं हातीं येईल तें कापड, पत्रा व चिकट पट्टी आंत लावून पाहणें, हा त्याचा सुटीचा उद्योग असतो. त्याच्या, आणि त्याहूनही त्याच्या वडीलधाऱ्यांच्या, उपयोगीं पडावें म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे. कारण येथें चूक झाली तर केवळ पैसा वायां जात नाहीं, गाडी पेटते.

ही उष्णता येते कोठून ?

पेट्रोल जाळून जी शक्ति निर्माण होते, तिच्यापैकीं ढोबळ मानानें एक तृतीयांशच चाकांपर्यंत पोंचते. दुसरा एक तृतीयांश भाग धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेला यंत्राच्या पाण्यांत व तेलांत उतरतो. यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल कीं, मोटार जितकी बलवान् तितकें तिच्या पोटांतील अग्नीचें बळही मोठें. २००५ सालीं निघालेल्या बुगाटी व्हेरॉन या मोटारीचें यंत्र १००१ अश्वशक्तीचें होतें. तें पूर्ण जोरानें चालत असतां याच्या जवळजवळ दुप्पट शक्ति उष्णतेच्या रूपानें बाहेर पडे. त्यांतील नुसत्या एक हजार अश्वशक्तीचाच हिशेब केला, तरी स्नानघरांतील २ किलोवॅटचे साडेतीनशेंहून अधिक विजेचे बंब एकदम चालू करावेत, इतकी ती उष्णता भरते! तिची वासलात लावण्यासाठीं त्या गाडीस लहानमोठे दहा रेडिएटर बसवावे लागले.

त्यांत भर म्हणून या मोटारींचें यंत्र पुष्कळदां चालकाच्या पाठीमागें असतें. वजनाचा तोल साधण्यास ती जागा उत्तम. परंतु समोरचा वारा तेथें आयता पोंचत नाहीं. अरुंद खोलींत मोठी चूल पेटवून दार लावून घ्यावें, तशी कांहींशी ही अवस्था होते.

तिचा पहिला परिणाम शक्तीवर होतो. यंत्रानें ओढलेली हवा ३० अंश सेंटिग्रेडऐवजीं ६० अंशांची असेल, तर ती विरळ होऊन तेवढ्याच जागेंत सुमारें नऊ टक्के कमी हवा मावते. हवा कमी म्हणजे ज्वलन कमी. परंतु याहून गंभीर परिणाम पुढेंच आहे. तारांवरील वेष्टनें कडक होऊन तडकतात, रबराच्या नळ्यांस भेगा पडतात, आणि त्यांतलीच एखादी नळी पेट्रोलाची असते.

तीन वाटा

उष्णता तीन वाटांनीं प्रवास करते. आमटींत ठेवलेल्या पळीचा दांडा तापतो, तें वहन. पातेल्यांतील वाफ वर जाते, तें अभिसरण. आणि चुलीस हात न लावतां समोर बसलें तरी तोंडास धग लागते, तें प्रारण. मोटारीच्या कोठडींत या तिन्ही वाटा चालू असतात. आणि ज्या वाटेनें उष्णता येते, त्या वाटेवरच तिला गांठावें लागतें.

धग मुख्यत्वें येते ती धूरनळीकडून. पूर्ण भारावर हिचा पृष्ठभाग ७०० अंशांपर्यंत सहज तापतो. पदार्थविज्ञानाचा नियम असा आहे कीं, प्रारण हें निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणांत वाढतें. म्हणून ७०० अंशांचा पृष्ठभाग कांहीं उपायानें ३५० अंशांवर आणला, तर त्याची धग निम्मी न होतां जवळजवळ एक षष्ठांश होते. धूरनळीस चिनी मातीसारख्या द्रव्याचा लेप देतात, किंवा तीस उष्णतारोधक पट्टी गुंडाळतात, त्याचें मर्म हेंच. उष्णता नळींतच राहून धुराबरोबर मागें निघून जाते.

जी धग तरीही बाहेर पडते, ती परत फिरविण्यास चकाकणारा धातु लागतो. सोनें, चांदी व तांबें हे तिन्ही धातु उष्णतेचे अदृश्य किरण शेंकडा ९५ हून अधिक परत फिरवितात. परंतु चांदी काळवंडते व तांबें कळकतें, आणि चकाकी गेली कीं गुणही जातो. सोन्यास हा दोष नाहीं. एफ-१ चा सांगाडा कार्बनच्या तंतूंचा होता. हे तंतु ज्या राळेसारख्या द्रव्यानें एकजीव केलेले असतात, तें फार तापल्यास मऊ पडतें. म्हणून तेथें सोन्याचा खर्च उधळपट्टी नव्हती. सामान्य मोटारींत हेंच काम अल्युमिनियमचा पत्रा अल्प किंमतींत करतो. मात्र तो धूरनळीस टेकतां कामा नये. टेकला कीं प्रारण थांबून वहन सुरू झालें! दोहोंमध्यें बोटभर तरी हवा खेळती असावी.

हवेची वाट

अडविलेली उष्णता नाहींशी होत नाहीं. ती कोठें तरी जाणारच. म्हणून गरम हवेस बाहेर पडण्याची वाट हवी. १९६६ सालच्या लॅम्बोर्गिनी मिउरा या मोटारीच्या यंत्रावर खिडकीच्या झडपांसारख्या आडव्या पट्ट्या आहेत. १९८७ सालच्या फेरारी एफ-४० च्या मागील पारदर्शक झांकणास चिरा पाडलेल्या आहेत. पाहणारास ही नक्षी वाटते, परंतु तीं उष्णतेचीं धुरांडीं आहेत.

येथें आमच्या तरुण मित्रांची एक आवडती चूक सांगितली पाहिजे. यंत्र पुढें असलेल्या मोटारींत बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखालीं चकत्या घालून ती कडा थोडी उचलतात, म्हणजे गरम हवा निघून जाईल अशी त्यांची समजूत. गाडी उभी असतां तसें होतेंही. परंतु गाडी वेगांत असतांना समोरच्या कांचेच्या पायथ्याशीं वाऱ्याचा दाब वाढलेला असतो; त्यामुळें हवा त्या फटींतून बाहेर न पडतां उलट आंत शिरूं पाहते, आणि रेडिएटरमधून येणाऱ्या प्रवाहास अडथळा होतो. बाहेर जाण्याची वाट नेहमीं कमी दाबाच्या जागीं काढावी. आणि ती जागा केवळ डोळ्यांनीं पाहून कळत नाहीं.

रोधकच जेव्हां पेटतो

२०१० सालीं फेरारी कंपनीची ४५८ इटालिया ही मोटार नुकतीच बाजारांत आली असतां तिच्या कांहीं गाड्यांस आग लागली. चौकशीअंतीं दोष आढळला तो मागच्या चाकांवरील कमानींत. तेथील उष्णतारोधक पत्रा बसविण्यास जें चिकट द्रव्य वापरलें होतें, तें फार तापल्यास पेट घेऊं शकत असे. पत्रा वांकडा होऊन धूरनळीकडे सरकल्यास धोका अधिकच. कंपनीनें १,२४८ गाड्या परत बोलावून तें द्रव्य काढून टाकलें व पत्रे यांत्रिक बंधनांनीं पक्के केले.

या गोष्टीचा अर्थ आम्हांस फार मोठा वाटतो. जेथें निष्णात यंत्रशास्त्रज्ञांच्या हातून रोधकाचा डिंक नजरेंतून सुटला, तेथें घरच्या अंगणांत बसून चिकट पट्ट्या लावणाऱ्यानें किती जपावें! धूरनळीस गुंडाळलेल्या पट्टीचेंही तसेंच आहे. ती ओलावा धरून ठेवते व आंतल्या आंत नळी गंजते. नळीची उष्णता बाहेर न पडल्यानें धातु अधिक तापून त्यास तडे जाऊं शकतात. आणि वर कोठें तेल गळत असेल, तर तें शोषून घेऊन ती पट्टी दिव्यांतील वातीचें काम करते.

गाडी थांबल्यावर

पुष्कळांची कल्पना अशी असते कीं, गाडी थांबली म्हणजे धोका सरला. वस्तुस्थिति उलट आहे. यंत्र बंद होतांच वारा थांबतो व पाण्याचा प्रवाहही बहुधा मंदावतो. परंतु धूरनळी तापलेलीच असते. त्यामुळें पहिलीं कांहीं मिनिटें कोठडींतील हवा पूर्वीपेक्षां अधिक तापते. टर्बो असलेल्या यंत्रांत तेथें अडकलेलें तेल करपून काजळी धरतें. यास्तव जोरानें गाडी हांकल्यानंतर शेवटचे तीन-चार किलोमीटर सावकाश यावें, म्हणजे वारा व पाणी आपलें काम करून घेतात. कित्येक नव्या मोटारींत यंत्र बंद केल्यावरही पंखा आपोआप फिरत राहतो. तो बिघाड नव्हे, आणि त्यावेळीं आंत हात घालूं नये.

रेडिएटरचें झांकण तर तापलेलें असतां मुळींच उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असतें. एका वातावरणाचा दाब अधिक असला म्हणजे तें १०० ऐवजीं १२० अंशांस उकळतें. झांकण सैल होतांच दाब जातो आणि तें पाणी तत्क्षणीं उकळून अंगावर उसळतें. वाळलेल्या गवतावर तापलेली गाडी उभी करणें हेंही तितकेंच घातक. गाडीखालील नळीच्या उष्णतेनें गवत पेटतें.

तेव्हां घरांतील तरुणानें हा उद्योग आरंभिला, तर वडिलांनीं त्यास एकदम मना करूं नये. मात्र कांहीं प्रश्न अवश्य विचारावेत. तेलाची व पेट्रोलाची गळती प्रथम पाहिलीस काय? पाणी व पंखा ठीक आहे काय? पत्रा स्क्रूनें बसविला आहेस कीं डिंकानें? आणि ही उष्णता तूं येथून हांकलीस खरी, पण ती गेली कोठें? शेवटच्या प्रश्नाचें नीट उत्तर देतां आलें, तर मुलास विषय समजला असें समजावें. तें न आलें, तर गाडी जाणत्या कारागिराकडे न्यावी आणि तोंपर्यंत त्या गाडींतून घरच्या माणसांनीं प्रवास करूं नये.