मागचं चाक उड्या का मारतं?

पावसाळ्यात बाईकवर म्हैसमाळला गेला असाल, तर खुलताबाद सोडल्यावर चढाला लागलेली एखादी लोडेड पिकअप तुम्ही नक्की बघितली असेल. मागे गोण्या, वर ताडपत्री. वळणावर थांबावं लागलं की ड्रायव्हर पहिला गिअर टाकतो, क्लच सोडतो आणि गाडीचा मागचा भाग धाड-धाड-धाड नाचायला लागतो. आपण हसतो, व्हिडिओ काढतो आणि निघतो. मीही काढलाय. 'डीजे पिकअप' म्हणून स्टेटसला ठेवला होता.

मग हेच माझ्या मामाच्या गाडीचं झालं. शेतातून अद्रकीच्या गोण्या भरून गाडी मुरमाच्या चढावर होती. तीन-चार दणके बसले, खालून 'खट्ट' आवाज आला आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण चाकाला ताकदच नाही. मामाने ब्रेक दाबून धरला, मामेभावाने उडी मारून चाकाखाली दगड लावला, म्हणून निभावलं. गाडीचे हप्ते अजून चालू आहेत.

रात्री मामाने मोबाईल पुढे केला. अमेरिकेतला कुठला तरी ट्रक, खाली दोन लांब लोखंडी दांडे. "याला ट्रॅक्शन बार म्हणतात म्हणे. तू पेपरात आहेस ना, जरा शोध काढ." माझी डिग्री मास कॉमची. तरी दुसऱ्या दिवशी फुलंब्री रस्त्यावरच्या एका गॅरेजात जाऊन बसले. तिथल्या चाचांचं वय साठीच्या पुढे आणि मराठी अर्धी दखनी. त्यांनी मला सरळ गाडीखालीच बोलावलं.

आधी फंडा समजून घ्या, बारावीची फिजिक्स पुरते. पिकअपचा मागचा एक्सल कमानीवर, म्हणजे पाट्यांवर, यू-बोल्टने आवळलेला असतो. ओझं पेलायचं, एक्सल जागेवर धरायचा आणि चाक फिरताना येणारा उलटा पीळही सोसायचा, अशी तिन्ही कामं बिचारे पाटेच करतात. या मांडणीला हॉचकिस ड्राइव्ह म्हणतात, नाव एका फ्रेंच कंपनीचं. आता समजा, इंजिनचा टॉर्क 200 न्यूटन-मीटर आहे. पहिला गिअर चारपट, डिफरन्शियल आणखी चारपट, म्हणजे एक्सलवर 3,200. न्यूटनचा तिसरा नियम आठवा. चाक पुढे फिरतं, तेव्हा एक्सलचं हाऊसिंग उलटं फिरायला बघतं. पिनियनचं नाक वर उचललं जातं आणि पाटे इंग्रजी 'एस'सारखे वाकतात. एवढ्यात मुरमावर टायर घसरला की वाकलेले पाटे फटकन सरळ होतात. टायर पुन्हा पकडतो, पाटे पुन्हा वाकतात. सेकंदात हे कितीतरी वेळा होतं. तोच तो नाच. प्रत्येक ठोका आधी क्रॉसवर आणि मग पाट्यांवर बसतो.

हे तुम्हाला स्वतः बघता येतं. फोन गाडीच्या बाजूला, लांब, जमिनीवर टेकवून ठेवा, स्लो-मोशन लावा आणि मागच्या चाकाजवळ झूम करा. तुम्ही स्वतः गाडीच्या मागे किंवा खाली अजिबात थांबू नका.

बार कुठला घ्यायचा, हे मी विचारलं तर चाचा म्हणाले, "बेटा, पहले बीमारी देख, दवा बाद में." त्यांनी चिखल खरवडला. एका बाजूचे यू-बोल्ट ढिले, पुढच्या डोळ्यातला रबरी बुश खाल्लेला, एक जंपर गळालेला आणि एक पाटा चक्क तडकलेला. ढिल्या यू-बोल्टने एक्सल आपल्याच जागेवर हलत राहतो, मग बार लावून काय उपयोग? गाडी उंच दिसावी म्हणून एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळे घालणाऱ्या पोरांवर तर चाचा भयंकर चिडून आहेत. ठोकळ्याने पीळ द्यायचा हात लांबतो आणि उड्या वाढतात.

हे सगळं दुरुस्त करूनही गाडी उडत असेल, तरच बार. यात ढोबळमानाने दोन प्रकार. एक छोटा, बोल्टने बसणारा. तो एक्सलजवळ पाट्याखाली आवळतात आणि त्याच्या पुढच्या टोकाला रबरी ठोकळा असतो. पाटे पिळायला लागले की तो ठोकळा पाट्याला वर टेकतो आणि पीळ थांबवतो. पण फक्त पुढे जाताना. रिव्हर्समध्ये चढायचं असेल तर त्याचा काही उपयोग नाही. दुसरा लांब, एका टोकाला एक्सलशी पक्का आणि दुसऱ्या टोकाला चेसिसला जोडलेला. तो दोन्ही बाजूंचा पीळ रोखतो. पण एक्सल वर-खाली होताना ज्या कमानीत फिरतो, ती बारच्या कमानीशी जुळत नाही, म्हणून पुढच्या टोकाला शॅकल लागतो. नाहीतर खड्ड्यात सगळंच अडकतं. शिवाय तो बहुतेक वेळा वेल्डिंगने बसवतात. हाऊसिंगवर जास्त उष्णता गेली तर ते वाकडं होतं. चाचा त्याला हातच लावत नाहीत.

हौशी लोकांना सांगते, 1965च्या शेल्बी जीटी 350 मस्टँगलाही असे बार होते. पण त्या गाडीत अद्रक भरत नव्हते.

चाचांनी एका शेतकऱ्याच्या जुन्या पिकअपला छोटे बार लावलेत. ती गाडी शेताबाहेर येत नाही, शेणखत ओढते. खरं सेटिंग मला तिथे कळलं. पहिली गोष्ट लांबी. रबरी ठोकळा बरोबर पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली यायला हवा. तो मागे, पाट्याच्या मध्यावर आला तर पाटाच वाकवतो. दुसरी गोष्ट फट. ठोकळा आणि पाटा यांच्यात अर्धा ते एक इंच, इथून सुरुवात करायची. फट जास्त असेल तर आधी पीळ बसतो आणि मग बार 'ठण्ण' करून आदळतो. फटच नसेल तर गाडी दगडासारखी कडक चालते. फट मोजताना गाडी जॅकवर नको, सपाट जागेवर चारही चाकांवर हवी आणि दोन्ही बाजूंची फट सारखी हवी.

आणि युट्यूबवाले विसरतात ती गोष्ट म्हणजे ओझं. अमेरिकेतले ते ट्रक बहुतेक रिकामेच पळतात. आपली पिकअप भरली की पाटे सपाट होतात, पुढचा डोळा बारच्या जवळ येतो आणि फट कमी होते. रिकाम्या गाडीत अर्धा इंच ठेवून चाचांनी खत भरायला लावलं, तर ठोकळा आधीच टेकला होता. पुन्हा खोललं आणि भरलेल्या गाडीवर फट लावली. या खटाटोपात दुपार गेली.

मामाच्या गाडीला मात्र बार लागलेले नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच बघेल. त्यामुळे आरटीओत विचारल्याशिवाय रस्त्यावरच्या गाडीला हात लावायचा नाही, यावर मामा आणि चाचा दोघं एकदम एकमत. (हे दोघं बाकी कशावरही एकमत होत नाहीत.)

नवा क्रॉस, नवे बुश, नवा जंपर, तडकलेला पाटा बदलला, यू-बोल्ट आवळले आणि गोण्या थोड्या कमी केल्या. परवा त्याच मुरमाच्या चढावर मी फोन लावून बसले. स्लो-मोशनमध्ये पिनियनचं नाक अजूनही जरा उचलतं, पण चाक जमीन सोडत नाही. नव्या पाट्यामुळे यू-बोल्ट पुन्हा ढिले पडतात, म्हणून चाचांनी ते परत आवळायला बोलावलंय. शनिवार ठरलाय. भद्रा मारुतीच्या गर्दीमुळे त्या दिवशी मामा गावातून गाडी काढतच नाही.