मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन बंद करू नका

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाला ताप आला, उलट्या सुरू झाल्या की घरात हमखास प्रश्न येतो, "पोटात काहीच नाही, मग इन्सुलिन कशाला?" पटण्यासारखा वाटतो, पण घातक आहे.

आजारपणात मूल उपाशी असले तरी यकृत रक्तात साखर सोडतच राहते. इन्सुलिन नसेल तर ती पेशींना वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळते, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्तातले आम्ल वाढते. हाच डायबेटिक कीटोॲसिडोसिस. त्यात पोट दुखते, उलट्या वाढतात, आणि घरचे म्हणतात, बाहेरचे खाल्ले असेल!

दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नाही. डोस किती बदलायचा ते डॉक्टरांना फोन करून ठरवा. साखर दर दोन-तीन तासांनी तपासा. ती २५० च्या वर राहिली, किंवा उलट्या होत असतील तर साखर कितीही असो, कीटोन तपासा. लघवीत बुडवायच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात. घरात आधीच आणून ठेवा. पाणी घोट घोट पाजत राहा. साखर उतरू लागली तर साखरेचे सरबत द्या.

दोन तासांहून जास्त उलट्या, खोल आणि जोराचा श्वास, गुंगी, किंवा रक्तातले कीटोन ३ च्या वर असतील तर मुलांचा आयसीयू असलेले रुग्णालय गाठा. एक सलाइन लावून घरी आणण्याचा हा आजार नव्हे. उपचार चालू असतानाही मेंदूला सूज येऊ शकते, म्हणून तासातासाला लक्ष ठेवावे लागते.

मधुमेह माहीतच नसलेले मूल सारखे पाणी पीत असेल, वजन घटत असेल, पुन्हा अंथरुणात लघवी करू लागले असेल, तर त्याच दिवशी साखर तपासून घ्या.