कुणाच्या नावानं गायचं

सवाई गंधर्व गेले १२ सप्टेंबर १९५२ रोजी. बरोबर चाळीस वर्षांनी, १९९२ साली, त्याच तारखेला मल्लिकार्जुन मन्सूर गेले. एक कुंदगोळचे, किराणा घराण्याचे. दुसरे धारवाडचे, जयपूर-अत्रौलीचे. दोघांची शिकवणी वेगळी, गळ्याची जात वेगळी. पण हुबळी-धारवाडात गाणं ऐकणाऱ्या घरांत ती तारीख दोघांची म्हणून लक्षात राहिली आहे.

मी राहतो ती कमरीपेठ काही गवयांची वस्ती नाही. ही सावजी लोकांची पेठ. पूर्वजांचा धंदा रेशमाचा आणि जरीचा, घरातल्या बोलीत मराठी आणि गुजराती एकमेकांत मिसळलेल्या, शाळेत आणि बाजारात कन्नड. तरी या शहरात वाढलेल्या माणसाच्या कानावर ही नावं लहानपणापासून पडतात, आणि वय वाढेल तसा एक प्रश्न मनात घर करतो. या माणसांना आपल्यामागे नेमकं काय राहावंसं वाटत होतं? आणि प्रत्यक्षात काय राहिलं? गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांचा काळ त्या दृष्टीनं पुन्हा पाहावा, म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात हुबळीच्या बाहेरून करावी लागते. २७ ऑक्टोबर १९३७. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत प्रकृती बिघडली म्हणून सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथल्या फलाटावरच त्यांचं देहावसान झालं. जाण्याआधी त्यांनी नमाज पढला आणि दरबारीच्या सुरांत ईश्वराची आळवणी केली, असं त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगतात. दफन झालं मिरजेला, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात. तेव्हापासून तिथल्या उरुसात किराण्याचे गवई हजेरी लावतात. या हजेरीला मैफल म्हणत नाहीत, सेवा म्हणतात. मानधनाचा प्रश्न नसतो, आणि वेळ मिळेल ती घ्यायची असते.

खाँसाहेबांना स्मारक हवं होतं की नव्हतं, ते माहीत असण्याचं कारण नाही. पण त्यांच्या शिष्यांनी जी रीत पाडली ती पुढे या सगळ्या मुलखाची झाली: गेलेल्या माणसासाठी वर्षातून एकदा गायचं.

रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, हे खाँसाहेबांचे शिष्य. कुंदगोळ त्या वेळी जमखंडी संस्थानात होतं. तिथल्या नाडगीर वाड्यात खाँसाहेबांचं येणं-जाणं असे आणि तिथेच या मुलाला त्यांचं गाणं ऐकायला मिळालं. घरची भाषा कन्नड. पुढे नाव झालं ते मराठी रंगभूमीवर, स्त्रीभूमिका करून आणि नाट्यपदं गाऊन. उतारवयात ते कुंदगोळला परतले तेव्हा त्यांच्याकडे दोन शिष्य आले, आणि आज त्यांची जी आठवण शिल्लक आहे ती बहुतांशी या दोघांनी जपलेली आहे. एक गदगचा भीमसेन जोशी नावाचा पोरगा, गाण्यासाठी घर सोडून भटकलेला. तो गुरूच्या घरीच राहायचा, पाणी भरायचा, पडेल ते काम करायचा. दुसऱ्या गंगूबाई हनगल. त्या लेकुरवाळ्या, संसार हुबळीत, म्हणून आगगाडीनं कुंदगोळला जायच्या आणि रात्री परत यायच्या. परतताना स्टेशनापर्यंत सोबत भीमसेनची. दोघं पुढे ही आठवण प्रेमानं सांगत.

गुरू एकेक पलटा दिवसचे दिवस घोटून घेत. कंजूष माणूस पैसा खर्चतो तसे स्वर खर्चावेत, म्हणजे ऐकणारा पुढच्या सुराची वाट पाहतो, ही गुरूची शिकवण गंगूबाई आयुष्यभर सांगत राहिल्या. त्यांचे जुने राग ऐका, षड्जावरून गांधाराकडे जायला त्या किती वेळ घेतात ते ऐका. रामभाऊंच्या आवाजाच्या फार थोड्या ध्वनिमुद्रिका आहेत, त्याही तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्यांचं सावकाश गाणं कसं असेल हे आपल्याला कळतं ते असं दुसऱ्याच्या गळ्यातून.

१९५२ नंतर कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात त्यांची पुण्यतिथी सुरू झाली. वाड्याच्या चौकात रात्रभर गाणं, समोर जमिनीवर बसलेलं गाव. शेतकरी, वाणी, मास्तर, बाया, मांडीवर पेंगणारी पोरं. तिकडे पुण्यात १९५३ साली भीमसेन जोशींनी आणि गुरूंचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे यांनी आर्य संगीत प्रसारक मंडळातर्फे महोत्सव सुरू केला. सवाई गंधर्व महोत्सव म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण माझ्या मते साऱ्या महोत्सवाचं मर्म तिथे आहे. शेवटच्या दिवशी शेवटच्या कलाकाराचं गाणं संपलं, की सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. आवाज लांबून, खरखरीतून येतो. देशातले सगळे मोठे कलाकार गाऊन गेलेले असतात आणि शेवटचा सूर ज्याच्या नावानं हे सगळं चाललं आहे त्याचा असतो. अनेक वर्षं महोत्सवाची सांगता स्वतः भीमसेन करत. नंतर ते काम प्रभा अत्र्यांकडे आलं. त्या सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्या शिष्या, म्हणजे खाँसाहेबांच्याच मुलांकडून आलेली विद्या. त्यांच्यामागूनही ती खरखरीत भैरवी वाजायचीच.

भीमसेन २४ जानेवारी २०११ रोजी गेले. त्याआधी त्यांना भारतरत्न मिळालं होतं. स्वतःच्या नावाचा स्वतंत्र उत्सव उभा राहावा एवढी त्यांची कीर्ती होती, आणि तसा तो राहिलाही असता. पण पुण्याच्या महोत्सवाच्या नावातच त्यांचं नाव जोडलं गेलं: सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. जवळजवळ साठ वर्षं त्यांनी गुरूच्या नावानं जो मांडव घातला, त्याच मांडवात त्यांना जागा मिळाली. यापेक्षा चांगली जागा मला सुचत नाही.

गंगूबाईंची गोष्ट इतकी सरळ नाही.

त्यांचा जन्म ५ मार्च १९१३, धारवाडचा. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या. त्यांचं गाणं ऐकायला अब्दुल करीम खाँ येत, असं गंगूबाईंनीच सांगितलं आहे. मुलीला हिंदुस्थानी गाणं शिकायचं होतं. तिच्या कानावर दुसरी पद्धत पडू नये म्हणून आईनं स्वतःचं गाणं बंद केलं आणि १९३२ साली ती गेली. म्हणजे ज्या बाईचं गाणं खाँसाहेबांना ऐकावंसं वाटे, तिनं ते स्वतःहून थांबवलं. अंबाबाईंची आठवण राहिली ती मुलीच्या बोलण्यात. त्याच सुमारास मुलीच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यावर नाव होतं ‘गांधारी, हुबळी’. पुढे गो. ना. जोशींबरोबर गायलेली मराठी भावगीतं महाराष्ट्रात घरोघर वाजली. तो कोवळा, चढा आवाज ऐकून नंतरच्या भारदस्त, जवळजवळ पुरुषी स्वराच्या गंगूबाई याच, हे नव्या माणसाला पटत नाही. घशाच्या दुखण्यानंतर आवाज बदलला, आणि त्या बदललेल्या आवाजालाच त्यांनी आपलं गाणं केलं.

गायिकेला कशी वागणूक मिळते ते त्यांनी लहानपणापासून भोगलं होतं. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर स्वागतगीत गायला उभी राहिलेली ती मुलगी मनात धास्तावली होती, की आपल्याला जेवणाच्या उष्ट्या पत्रावळी उचलायला तर सांगणार नाहीत ना. पुढे पद्मभूषण, पद्मविभूषण सगळं झाल्यावरही त्यांनी एक गोष्ट परखडपणे सांगितली होती. पुरुष गवई मुसलमान असला की उस्ताद होतो, हिंदू असला की पंडित होतो; केसरबाई, मोगूबाई मात्र बाईच राहतात. हे त्या तक्रारीच्या सुरात बोलत नसत, पण विसरतही नसत.

हे वाचल्यापासून माझी आमच्या पेठेतल्या एका गोष्टीकडे बघण्याची नजर बदलली. आमच्याकडे माणूस गेला की वर्षश्राद्धाला देवळाला भांडं देतात. पितळेची घागर, स्टीलचं पिंप, प्रसादाचं मोठं पातेलं. भांड्यांच्या दुकानात त्यावर नाव घालून मिळतं. पूर्वी छिन्नीनं ठिपक्याठिपक्यांनी घालत, आता मशीननं. मी एका सणाच्या दिवशी देवळाच्या मागच्या बाजूला भांडी घासायला बसलो होतो, तेव्हा ती नावं सावकाश वाचली. पुरुषांची नावं सरळ होती: ‘कै.’, मग नाव, बापाचं नाव, आडनाव. बायकांच्या भांड्यांवर बऱ्याच ठिकाणी बाईचं नावच नव्हतं. अमक्यांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ, तमक्यांच्या पत्नीच्या स्मरणार्थ. जन्मभर त्याच देवळाच्या चुलीपुढे राबलेली बाई, आणि तिच्या आठवणीच्या भांड्यावर नाव मुलाचं! आणखी एक दिसलं. ज्या पातेल्यात रोज शिजतं, त्यावरचं नाव घासून घासून निम्मं पुसलेलं. कपाटात ठेवलेल्या चांदीच्या तबकावरचं अगदी ठळक. माझ्या आत्यानं हे ऐकल्यावर सरळ सांगितलं, माझ्या वेळी रोजच्या वापरातलं पातेलं द्या, पण त्यावर माझं नाव घाला, तुमचं नको. मला तिचं म्हणणं दोन्ही अंगांनी पटलं.

गंगूबाईंनी नाव लावलं ते हनगल, आईकडच्या गावाचं. नवऱ्याचं आडनाव कौलगी होतं. त्यांचं गाणं पुढे नेणारी म्हणून साऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती ती मुलगी कृष्णा. वर्षानुवर्षं आईच्या मागे तानपुरा घेऊन बसलेली, आईला सूर पुरवणारी, आई थांबली की तान उचलणारी. ती २००४ साली कर्करोगानं गेली. आईनं स्वतः आदल्याच वर्षी हाडांतल्या मगजाच्या कर्करोगाला तोंड दिलं होतं. ज्या गळ्यात आपलं गाणं ठेवायचं तोच आधी गेला, आणि वय नव्वदीच्या पुढे. तरीही मार्च २००६ मध्ये कारकिर्दीच्या पंचाहत्तर वर्षांनिमित्त त्या मंचावर बसून गायल्या. ती त्यांची शेवटची मैफल. त्या वयात, त्या दुःखानंतर, कुणासाठी गायच्या? मला वाटतं, रामभाऊंसाठी आणि कृष्णासाठी.

त्यांच्यामागे शासनानं बरंच केलं. म्हैसूरच्या संगीत विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. हुबळीत गुरुकुल आहे, तिथे मुलं गुरूजवळ राहून शिकतात. धारवाडच्या शुक्रवार पेठेतलं जन्मघर ‘गंगोत्री’ संग्रहालय म्हणून जाहीर झालं, पण पुढे त्याची पडझड होत गेली आणि ते वाचून धारवाडची माणसं हळहळली. मन्सूरांचं घर ‘मृत्युंजय’ मात्र स्मारक म्हणून राखलेलं आहे. घरं राखावीत, जरूर राखावीत. पण कौलं शाकारायला माणूस लागतो, रोज दार उघडायला माणूस लागतो, आणि ते माणूस नेमायचं राहून गेलं की चार पावसाळ्यांत भिंत खचते. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमाचं तसं झालं नाही. पंचाक्षरी गवई १९४४ साली गेले, पुट्टराज गवयांनी २०१० पर्यंत तो चालवला, आणि आजही तिथे अंध मुलं पहाटे उठून रियाज करतात. तिथे रोज कुणाला तरी शिकवायचं असतं, रोज जेवू घालायचं असतं.

नाव रोज उच्चारलं जाण्यात हुबळीत सिद्धारूढ स्वामींची बरोबरी कोणी करणार नाही. ते १९२९ साली समाधिस्थ झाले. २०२० मध्ये हुबळीच्या स्टेशनाला त्यांचं नाव मिळालं आणि १२ मार्च २०२३ रोजी तिथला १,५०७ मीटरचा, जगातला सर्वांत लांब फलाट सुरू झाला. आता दर गाडीच्या घोषणेत त्यांचं नाव येतं. याच हुबळी स्टेशनावरून एके काळी गंगूबाई कुंदगोळच्या गाडीत बसत.

त्या स्वतः २१ जुलै २००९ रोजी हुबळीत गेल्या, वय ९६. सरकारनं दोन दिवसांचा दुखवटा पाळला, शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. त्याआधी त्यांचे डोळे दान करण्यात आले होते. नेत्रदानाबद्दल लोकांत जाग यावी ही त्यामागची इच्छा. आमच्या पेठेत त्या दिवसांत ओट्याओट्यावर हीच चर्चा होती. इतक्या म्हाताऱ्या माणसाचे डोळे चालतात? चालतात. वयाची अट नाही. चष्मा असला, मधुमेह असला तरी बहुधा अडत नाही. पुढच्या जन्मी आंधळं व्हावं लागतं, ही आमच्याकडची जुनी भीती. ती बोलून दाखवणाऱ्या म्हाताऱ्यांना गंगूबाईंचं नाव सांगितलं की त्या गप्प बसत. दुसऱ्याला लावतात ते फक्त बुबुळावरचं पारदर्शक पटल. माणूस गेल्यापासून सहा तासांच्या आत डॉक्टर घरी येतात आणि अर्ध्या तासात काम उरकून जातात. तोवर घरच्यांनी पापण्या मिटवायच्या, त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोकं उशीवर जरा उंच करायचं आणि पंखा बंद करायचा. एका माणसाचे डोळे दोघांना लावतात. कुणाला लावले ते घरच्यांना सांगत नाहीत, आणि लावून घेणाऱ्यालाही देणाऱ्याचं नाव कळत नाही.