शासकीय संकेतस्थळांची नावे : ती कोण देतो व ती कशी ओळखावीत

प्राथमिक शाळेचे बरेचसे दप्तर आता संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर आले आहे. शिक्षकांचे वेतन शालार्थ प्रणालीतून निघते. शाळेची व विद्यार्थ्यांची माहिती यू-डायस प्लसवर भरावी लागते. कागदी आदेश आला म्हणजे मुख्याध्यापक जावक क्रमांक, शिक्का आणि सही पाहून घेतात. संकेतस्थळावर यांपैकी काहीच नसते. तेथील राजमुद्रा, रंगसंगती व छायाचित्रे कोणासही हुबेहूब उतरवून घेता येतात. उतरवता येत नाही तो केवळ संकेतस्थळाचा पत्ता. यास्तव तो पत्ता कसा मिळतो व कसा वाचावा, हे प्रत्येक शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

नावाची रचना

महाजालावरील प्रत्येक संगणकाला एक क्रमांक असतो. असे क्रमांक माणसाच्या स्मरणात राहात नाहीत, म्हणून 1983 साली त्यांना नावे देण्याची पद्धती निघाली. या नावास डोमेन-नाव म्हणतात. त्याची रचना आपल्या टपालाच्या पत्त्यासारखीच आहे. पाकिटावर आपण प्रथम गाव, मग तालुका, मग जिल्हा लिहितो. लहान भाग आधी व मोठा भाग शेवटी येतो. 'शालार्थ.महाराष्ट्र.गव्ह.इन' हा पत्ता पाहा. 'इन' म्हणजे भारत, 'गव्ह' म्हणजे शासन, त्यात महाराष्ट्र राज्य आणि त्यात शालार्थ. (प्रत्यक्षात ही अक्षरे रोमन लिपीत असतात.) टपाल वाटणारा कर्मचारी पत्ता ज्याप्रमाणे खालून वर वाचतो, त्याचप्रमाणे डोमेन-नाव उजवीकडून डावीकडे वाचावे.

नाव देण्याचा अधिकार

'इन' हे भारताचे अंत्यनाम 1989 साली नोंदले गेले. आरंभी त्याचा कारभार मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होता. 2005 सालापासून तो 'निक्सी' या संस्थेकडे असून, तेव्हापासून शुल्क भरून कोणासही 'इन'ने संपणारे नाव घेता येते. म्हणजे केवळ 'इन' दिसले एवढ्यावरून ते स्थळ शासनाचे ठरत नाही.

याच वस्तीत काही आवारे मात्र कुंपण घालून राखून ठेवलेली आहेत. 'गव्ह.इन' शासनासाठी असून तेथील नावे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र देते. 'एसी.इन' व 'एज्यु.इन' ही शिक्षणसंस्थांसाठी असून ती एर्नेट इंडियाकडे आहेत. 'मिल.इन' हे संरक्षण दलांचे.

'गव्ह.इन'मधील नाव केंद्र वा राज्य शासनाचे विभाग, जिल्हा प्रशासन, स्थानिक स्वराज्य संस्था अशा शासकीय घटकांनाच मिळते. त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याच्या सहीचे अधिकारपत्र जोडावे लागते. नाव कार्यालयाच्या ओळखीशी जुळणारे असावे लागते आणि त्याची जबाबदारी कोणावर आहे, याची नोंद ठेवली जाते. जनरल रजिस्टरात मुलाचे नाव जसे पुराव्यावाचून चढत नाही, तसेच हे आहे. या नावाची किंमत त्याच्या अक्षरांत नाही. ते वाटेल त्याला मिळत नाही, यातच ती आहे.

आपल्या लिपीतही अशी सोय झाली आहे. 27 ऑगस्ट 2014 रोजी देवनागरीतील '.भारत' हे अंत्यनाम सुरू झाले. मराठीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या अनेक भाषांसाठी ते एकच आहे. त्यात शासनासाठी 'सरकार.भारत' हे आवार राखलेले आहे.

खरा पत्ता कसा वाचावा

पत्त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ जेथे येते, तिच्या लगेच डावीकडचा भाग निर्णायक समजावा. तेथे 'गव्ह.इन' असेल, मध्ये टिंब असेल आणि 'गव्ह'च्या आधीही टिंब असेल, तर ते नाव शासकीय आवारातले होय. आता दोन कल्पित उदाहरणे घेऊ. 'शालार्थ-महाराष्ट्र-गव्ह.इन' यात 'गव्ह'च्या आधी आडवी रेघ आहे. हे सारे मिळून एकच खासगी नाव झाले. 'शालार्थ.महाराष्ट्र.गव्ह.इन.वेतनमदत.कॉम' यात आरंभ अगदी ओळखीचा आहे. पण मालक शेवटी बसला आहे आणि तो 'वेतनमदत.कॉम' आहे.

पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नये. वाटेत माहिती कोणी वाचू शकणार नाही, एवढेच ते कुलूप सांगते. माहिती कोणाच्या हाती पडते, हे ते सांगत नाही. लबाडाच्या स्थळालाही कुलूप विनामूल्य मिळते.

याची दुसरी बाजूही ध्यानी घ्यावी. 'गव्ह.इन' नाही म्हणून प्रत्येक स्थळ खोटे ठरत नाही. बालभारतीचे स्थळ 'ईबालभारती.इन' या नावाने आहे आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे 'एमएए.एसी.इन' या नावाने. कित्येक जुनी शासकीय स्थळे 'एनआयसी.इन'खाली आहेत. अशा वेळी शासनाच्या परिपत्रकात छापलेला पत्ता ताडून पाहावा, अथवा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे विचारणा करावी.

कार्यालयांकडेही एक कर्तव्य येते. डोमेन-नाव ठरावीक मुदतीचे असते. एखाद्या कार्यालयाने उपक्रमासाठी खासगी आवारात नाव घेतले आणि पुढे मुदत वाढविण्याचे राहून गेले, तर ते नाव दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो. जुन्या पत्रकांवर मात्र तोच पत्ता छापलेला राहतो आणि विश्वासाने तेथे जाणारा भलत्याच दारी पोहोचतो. शासकीय कामास शासकीय आवारातलेच नाव घ्यावे, या आग्रहाचे हे एक मोठे कारण आहे.

शिक्षकांनी काय करावे

1. वेतन, आधार क्रमांक वा विद्यार्थ्यांची माहिती भरण्यापूर्वी पत्ता उजवीकडून वाचावा.
2. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून परवलीचा शब्द भरू नये. नेहमीचा पत्ता स्वतः लिहून स्थळ उघडावे.
3. शाळेस लागणाऱ्या स्थळांचे पत्ते खात्री करून एका तक्त्यावर लिहावेत व तो तक्ता कार्यालयात लावावा.
4. आर्थिक फसवणूक झाल्यास विलंब न लावता 1930 या क्रमांकावर कळवावे.
5. वरच्या वर्गात फळ्यावर चार-पाच पत्ते लिहून त्यांतील शासकीय कोणते, हे मुलांकडून कारणासह काढून घ्यावे.

पालक शिष्यवृत्तीचा वा प्रवेशाचा अर्ज भरताना पुष्कळदा शिक्षकांनाच विचारतात. मुलांची जन्मतारीख, आधार क्रमांक, बँक खाते ही सारी माहिती ते आपल्या शब्दावर विसंबून देत असतात. त्या विश्वासाचे रक्षण करावयाचे, तर पत्त्याचा शेवट पाहण्याची सवय आपल्या अंगी प्रथम बाणली पाहिजे.