क्रॅक केलेले सॉफ्टवेअर आणि शाहिराचे शेवटचे कडवे

एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांतल्या छोट्या खोल्यांमध्ये रात्र रात्र लॅपटॉप चालू असतात. १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी नवे ट्रॅक, जुन्या भीमगीतांचे रिमिक्स, कुणा नव्या गायिकेचे पहिले गाणे. एक लॅपटॉप, एक माइक, भिंतीला लावलेली गोधडी, आणि स्टुडिओ तयार. यातल्या बऱ्याच लॅपटॉपवर संगीताचे जे सॉफ्टवेअर असते ते विकत घेतलेले नसते. कुणाकडून तरी पेन ड्राइव्हवर आलेले असते, नाहीतर टेलिग्रामवरून उतरवलेले असते. तरुणांशी बोलताना आम्ही हा विषय काढला की दोन उत्तरे हमखास मिळतात. एक, "एवढ्या मोठ्या कंपनीचं आपल्यामुळे काय बिघडतं?" दुसरे, "चोरी ती चोरी." आम्हाला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण या एका खोलीत दोन वेगवेगळ्या गोष्टी न विचारता घेतल्या जातात आणि चर्चा मात्र एकीचीच होते.

आधी सॉफ्टवेअरचे पाहू. आपल्याकडे सर्वात परिचित नाव एफएल स्टुडिओ. बेल्जियममधल्या इमेज-लाइन या कंपनीने ते १९९७ मध्ये फ्रूटी लूप्स या नावाने आणले. त्याची किंमत साधारण शंभर डॉलरपासून सुरू होते, पण सर्वात स्वस्त आवृत्तीत गायकाचा आवाज रेकॉर्ड करण्याची सोय नाही. त्यासाठी वरची आवृत्ती घ्यावी लागते. म्हणजे गाण्याचे काम करायचे तर पंधरा हजार रुपये आणि वर. महिना दहा-बारा हजारांवर काम करणाऱ्या मुलाला हा आकडा सांगून पाहा. कंपनी आपले सॉफ्टवेअर वापरून पाहायला फुकट देते. त्यात गाणे तयार करून बाहेर काढता येते, पण जतन केलेले काम परवाना घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. परवाना तपासणारा हा भाग कुणीतरी तोडतो किंवा चकवतो, त्यालाच आपण 'क्रॅक' म्हणतो.

मुलांना सरसकट चोर म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहासही पाहावा. भारतात गाणे रेकॉर्ड करणे ही कित्येक दशके मोजक्या कंपन्यांच्या हातातली गोष्ट होती. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि प्रादेशिक गायकांना, शाहिरांना, जलसा करणाऱ्यांना बाजारात वाट मिळाली. अमेरिकी संगीत-अभ्यासक पीटर मॅन्युएल यांचे १९९३ चे 'कॅसेट कल्चर' हे पुस्तक याच बदलावर आहे. त्या वाटेवर पायरसीही भरपूर होती. पुढे एमपी३ आले. १९९९ मध्ये अमेरिकेत नॅपस्टर सुरू झाले आणि लोक एकमेकांच्या संगणकावरून गाणी घेऊ लागले. रेकॉर्ड कंपन्या आणि काही कलावंत कोर्टात गेले, २००१ मध्ये ती सेवा बंद पडली, पण सवय राहिली. साधने स्वस्त झाली की ज्यांना आजवर माइकपासून दूर ठेवले गेले ते गाऊ लागतात, हे आम्ही चांगली गोष्टच मानतो.

तरीही क्रॅक वापरू नका असे आम्ही स्पष्ट सांगतो. क्रॅक चालवण्यापूर्वी "अँटिव्हायरस बंद करा" अशी सूचना असते. म्हणजे घराचे दार उघडे टाकून अनोळखी माणसाला आत घेणे. त्याच लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात, संघटनेच्या सभासदांची यादी असते. कायदाही ढोबळ नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३ब नुसार, संगणक प्रोग्रॅमची प्रत बेकायदा आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर कमाईसाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. ऑर्डर घेऊन ट्रॅक बनवणारा मुलगा यातल्या पहिल्या गटात येतो, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही.

आणि मुख्य म्हणजे इथे पर्याय आहे. पंचशीलातले दुसरे शील 'अदिन्नादान' टाळायला सांगते, म्हणजे जे दिलेले नाही ते घेऊ नये. किमतीचा प्रश्न त्यात नाही. दिले आहे की नाही, एवढेच विचारायचे आहे. जगभरच्या प्रोग्रॅमरांनी काही सॉफ्टवेअर खरोखरच देऊन टाकले आहे. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंग आणि काटछाट करण्याचे सॉफ्टवेअर २००० पासून मोफत मिळते. बीट आणि धून बांधायला एलएमएमएस आहे. अनेक ट्रॅक एकत्र बसवायला आर्डूर आहे. त्याचा मूळ कोड खुला आहे, आयती तयार प्रत हवी असेल तर थोडे पैसे मोजावे लागतात. या तिन्हींची प्रत मित्राला देणे हा गुन्हा नाही, परवान्यानेच तशी मुभा दिलेली आहे. रीपर मोफत नाही, पण व्यक्तींसाठी त्याचा परवाना ६० डॉलरचा आहे. चार मंडळांनी वर्गणीतून एकेका होतकरू मुलाला तो घेऊन द्यावा. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यापुढे ही रक्कम काहीच नाही. "एफएलसारखी मजा नाही," असे मुले म्हणतात. हात बसायला दोन-तीन महिने लागतात, हे खरे आहे.

आता दुसरी गोष्ट, जिच्यावर चर्चा होत नाही. सॉफ्टवेअरला पर्याय आहे, वामनदादा कर्डकांच्या गीताला नाही. वामनदादांनी हजारो गीते लिहिली आणि गावोगावी फिरून गायली. २००४ मध्ये ते गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा २०२९ अखेरपर्यंत.

शाहिरांनी ही गीते लोकांना दिली होती, मग अडचण कसली, असे कुणी विचारेल. गाण्यासाठी दिली, हे अगदी बरोबर आहे. विहारात, जयंतीला, तिकीट न लावता हौशी मंडळींनी गाणे म्हणणे याला कायद्याचे कलम ५२ सुद्धा हक्कभंग मानत नाही. पण तेच गीत नव्या बीटवर बसवून, चॅनलवर टाकून, जाहिरातीचे पैसे घ्यायचे आणि गीतकाराच्या जागी स्वतःचे नाव लिहायचे, हे देणे शाहिराने कधी दिले? आमच्या मते बेल्जियमच्या कंपनीचे बुडणारे पैसे आणि हे, यांना एका तराजूत घालता येत नाही. कंपनीला वकील आहेत. शाहिराच्या घरच्यांकडे बहुधा एक जुनी वही असते.

यातली एक बाब आम्हाला फार खटकते. वामनदादांच्या गीतांत शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा येते. आपल्या शाहिरी परंपरेत सही करण्याची पद्धतच ती. मिरवणुकीच्या रिमिक्समध्ये धृपद चार-चार वेळा घोळवले जाते, एखादे कडवे ठेवले जाते आणि बाकीचे कापले जाते. कापताना पहिला बळी शेवटच्या कडव्याचा जातो. ज्या समाजाच्या निर्मितीवरून इतरांनी पिढ्यान्पिढ्या नाव पुसले, त्याच समाजाची मुले आपल्या कवीचे नाव माउसच्या एका क्लिकने उडवतात, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. कलम ५७ प्रमाणे, हक्क विकल्यानंतरही कृती आपली आहे हे सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो आणि त्याच्यामागे वारस तो बजावू शकतात. यूट्यूबची आपोआप जुळणी करणारी यंत्रणा मात्र हक्कदारांनी दिलेल्या ध्वनीशी आवाज ताडून पाहते. कंपनीचे रेकॉर्डिंग तिला ओळखता येते, वहीतला शाहीर तिला माहीत नसतो.

नव्या गीतकारांनी तरी २०१२ ची दुरुस्ती माहीत करून घ्यावी. ध्वनिमुद्रित गाण्याच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला गीतकार आणि संगीतकाराचा समान वाटा आता करारानेही कंपनीला सोडून देता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. "एकदाच पाच हजार घ्या आणि सही करा" असा कागद पुढे आला तर पेन खाली ठेवा आणि आधी वकिलाला दाखवा. आपला हक्क गीत लिहिले त्या क्षणी तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर नोंदणी कामी येते आणि एका गीतासाठी तिचे शुल्क ५०० रुपये आहे.

या जयंतीला ट्रॅक बनवणाऱ्यांनी वर्णनात गीतकार, मूळ गायक आणि संगीतकार यांची नावे लिहावीत आणि नाममुद्रेचे कडवे ठेवावे. कमाई होणार असेल तर शाहिराच्या घरी जाऊन विचारावे, वाटा ठरवावा. अशा घरी आम्ही गेलो आहोत. तिथे पैशांआधी वहीची गोष्ट निघते: पाने पिवळी पडली आहेत, काही उंदरांनी खाल्ली आहेत, आणि कुणीतरी "झेरॉक्स काढून आणतो" म्हणून नेलेली एक वही परत आलेली नाही. मोबाइलवर पानागणिक फोटो काढायला एक दुपार पुरते.