चित्र घडताना : भाग ७
कागद ठेवायचा, कागद उचलायचा

मागच्या भागात कोलाज पाहिलं. तिथे चिकटवलेला कागद चित्रातच राहतो. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या कॅनव्हासवरही कागद येई, पण तो काम करून निघून जाई. मागे राहत असे तो त्याचा ठसा. त्यांची चित्रं तैलरंगातली म्हणूनच नोंदली जातात, तरी मिश्र माध्यमाचा विचार करताना मला ती टाळता येत नाहीत.

गायतोंड्यांचा जन्म १९२४ सालचा, नागपूरचा, घराणं गोव्याचं. १९४८ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून पदविका घेऊन बाहेर पडले. पुढे कुंचल्यापेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ यांच्यावर त्यांची भिस्त वाढत गेली. रंगाचे पातळ थर एकावर एक चढवायचे, काही ठिकाणी खरवडायचे. थर ओला असतानाच वर्तमानपत्राचे, मासिकांचे फाडलेले तुकडे त्यावर ठेवायचे आणि वरून रोलर फिरवायचा. कागद उचलला की थोडा रंग त्याच्याबरोबर निघून येतो आणि खालचा थर डोकं वर काढतो. कात्रीने कापलेल्या कागदाची कड सरळ, ठाम उमटते. फाडलेल्या कागदाची कड तंतूतंतूंनी विरत जाते. वर्तमानपत्राचा कागद तेल पटकन शोषतो, मासिकाचा गुळगुळीत कागद तितकं शोषत नाही. म्हणजे कुठला कागद, किती ओल्या रंगावर, किती दाबून, हे सगळं हाताला ठाऊक हवं. आणि तरीही नेमकं काय उमटेल, ते कागद उचलल्यावरच कळणार.

अंतःप्रेरणेचं काम इथे सुरू होतं. अमूर्त चित्रकार मनात येईल ते फासतो, हा समज मला फार अन्यायाचा वाटतो. गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास करत. बाकीचा काळ बघण्यात, विचारात, स्वस्थ बसण्यात जाई. झेन विचाराची त्यांना ओढ होती आणि ती त्यांच्या कामाच्या रीतीतच उतरली होती. अनपेक्षित ठसा उमटला की तो ठेवायचा की त्यावर पुन्हा थर चढवायचा, हा निर्णय क्षणात होत असेल; पण तो घेणारी नजर वर्षानुवर्षं तयार होत असते. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात २०१४ साली त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्याच्या शीर्षकातच ‘प्रक्रिया’ हा शब्द होता, हे मला अगदी योग्य वाटतं.

गायतोंड्यांचं मूळ चित्र बघायचा योग आला, तर आधी लांबून पाहा आणि मग जितकं जवळ जाऊ देतील तितकं जवळ जा. छापील प्रतीत रंग दिसतात, कडा हरवतात. एखाद्या आकाराची कड कुठे तुटते, तिथून खालचा कुठला रंग डोकावतो, एवढंच शोधा. थर कुठल्या क्रमाने चढले असतील, याचा अंदाज तिथून बांधता येतो.

पुढच्या आठवड्यात मोहन सामंत. त्यांचाही जन्म १९२४ चाच, शिक्षणही जे. जे.चंच; पण त्यांनी वाळू, तार, कागदाची कात्रणं थेट चित्रातच ठेवली.