पोटातले पॉलिप आणि पेशींची पलटण

एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर ‘गॅस्ट्रिक पॉलिप’ असं वाचलं की घरातल्या सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. पॉलिप म्हणजे जठराच्या अस्तरातून वर आलेला मांसल उंचवटा. यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची कहाणी फार रंगतदार आहे. आत कोणत्या रोगप्रतिकारक पेशी जमल्यात हे पाहिलं, की पॉलिप का उगवला याचा माग लागतो.

१. निरोगी जठर, मोकळं मैदान
आतड्याच्या अस्तरात लिम्फोसाइट पेशींचे पुंजके ठिकठिकाणी असतात. निरोगी जठरात मात्र या पेशी तुरळकच दिसतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू तिथे ठाण मांडतो तेव्हा चित्र पालटतं आणि पुंजके तयार होऊ लागतात. म्हणूनच बायोप्सीत असा पुंजका दिसला की पॅथॉलॉजिस्टचा पहिला संशय याच जीवाणूवर जातो.

२. न थांबणारी दुरुस्ती
अस्तराला वर्षानुवर्षं सूज राहिली की लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी, इओसिनोफिल, मास्ट पेशी असे सगळेच तिथे गोळा होतात. या पेशी इंटरल्युकिन-१ बीटासारखे रासायनिक इशारे सोडतात आणि सूज धगधगत राहते. अस्तर झिजतं, पुन्हा भरून येतं, पुन्हा झिजतं. शेवटी ही भरपाई गरजेपेक्षा जास्त होते आणि उंचवटा तयार होतो. हाच हायपरप्लास्टिक पॉलिप. त्याचं टोक खरवडलं गेलं तर थोडं थोडं रक्त जात राहतं. काही रुग्णांत अंगातलं लोह कमी का होतंय याचं उत्तर इथे सापडतं.

३. जीवाणू गेला, पॉलिपही गेला!
१९९८ साली जपानी डॉक्टरांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. हायपरप्लास्टिक पॉलिप आणि पायलोरीचा संसर्ग असलेल्या १७ जणांना जीवाणू मारणारी औषधं दिली. पुढच्या ३ ते १५ महिन्यांत त्यातल्या १२ जणांचे पॉलिप नाहीसे झाले. ज्यांना ही औषधं दिली नव्हती त्यांचे पॉलिप जिथल्या तिथे राहिले. शत्रू हटला, सूज ओसरली आणि वाढीचं कारणच संपलं.

४. एक पेला आणि नोबेल
ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये सुजलेल्या जठराच्या बायोप्सीत हेच पायलोरीचे वाकडे जीवाणू दिसले. त्यांचे सहकारी बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये ते जीवाणू चक्क पिऊन टाकले. काही दिवसांतच त्यांच्या जठराला सूज आली आणि अस्तरात न्यूट्रोफिल शिरलेले दिसले. या पांढऱ्या पेशी संसर्गाच्या जागी सगळ्यात आधी धाव घेतात. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

५. पेशीत घड्याळाची तबकडी
प्लाझ्मा पेशी ओळखायला सोपी. तिचं केंद्रक एका कडेला सरकलेलं असतं आणि त्यातले गडद ठिपके तबकडीवरच्या आकड्यांसारखे गोल मांडलेले दिसतात. अँटिबॉडी बनवणं हे तिचं काम. कधी कधी अँटिबॉडी बाहेर न पडता आतच साचतात आणि गोल, गुलाबी थेंब दिसू लागतात. १८९० मध्ये विल्यम रसेल यांना हे थेंब म्हणजे कर्करोगाचे जंतूच वाटले होते. ते आपल्याच शरीराचे प्रथिन आहे हे नंतर कळलं, पण ‘रसेल बॉडी’ हे नाव कायम राहिलं.

६. इथे मात्र शुकशुकाट
फंडिक ग्लँड पॉलिप या दुसऱ्या जातीत सुजेच्या पेशी जवळजवळ नसतातच. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत जठरातल्या पॉलिपांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त याच जातीचे निघाले. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते जास्त दिसतात. गोळी बंद केल्यावर अनेकदा ते मावळतातही. पण हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा.

७. गर्दी होती, पण दोषी दुसराच
१९४९ मध्ये व्हानेक नावाच्या संशोधकांनी जठरातल्या एका वेगळ्याच गाठीचं वर्णन केलं. तिच्यात लालसर कणांनी भरलेले इओसिनोफिल खच्चून होते. त्यामुळे ही सुजेचीच गाठ, असं अनेक वर्षं मानलं गेलं. मग २००८ मध्ये तिच्या मूळ पेशींत पीडीजीएफआरए या जनुकातला बदल सापडला. गाठ त्या पेशींची होती, इओसिनोफिल नुसते जमले होते. तरीही गाठ निरुपद्रवीच.

८. चरबी गिळून पिवळा
एंडोस्कोपीत कधी छोटासा पिवळसर उंचवटा दिसतो. तो झँथोमा. मॅक्रोफेज या सफाई कामगार पेशी चरबी गिळून टम्म फुगतात आणि फेसाळ दिसतात. त्यांचाच तो थवा. स्वतः निरुपद्रवी, पण आसपासचं अस्तर बराच काळ सुजलेलं असल्याची खूण.

९. घरचेच उलटतात तेव्हा
ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिसमध्ये आपल्याच टी पेशी जठरातल्या आम्ल बनवणाऱ्या पेशींवर हल्ला चढवतात. बी-१२ शोषायला लागणारं प्रथिन याच पेशी बनवतात, म्हणून बी-१२ कमी पडतं. अशा झिजलेल्या अस्तरातही हायपरप्लास्टिक पॉलिप उगवतात. इथे पॉलिप काढला तरी आजार उरतोच.

म्हणूनच पॉलिपाइतकंच महत्त्व त्याच्या शेजारच्या अस्तराला आहे. मोठा पॉलिप, विशेषतः एक सेंटिमीटरहून मोठा हायपरप्लास्टिक, काढणंच शहाणपणाचं, कारण क्वचित त्यात कर्करोगाकडे झुकणारे बदल होऊ शकतात. पण तेवढ्यावर थांबू नका. डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा: पॉलिप कोणत्या जातीचा, आसपासच्या अस्तराची बायोप्सी घेतली का, आणि पायलोरीची तपासणी झाली का? या तीन उत्तरांवरच पुढचा उपचार ठरतो.